थंडीचं सोडा, उजाडतं किती वाजता ते विचारा

कोल्हापूरला फोन लावला की पहिला प्रश्न ठरलेला. "आज किती आहे गं तिकडं?" आई विचारते, मावशी विचारते, खालच्या मजल्यावरच्या काकू तर आईच्या खांद्यावरनं फोनमध्ये डोकावून विचारतात. मी म्हणते मायनस पाच. मग पलीकडनं "अगंबाई!" येतं, त्यात काळजीही असते आणि आपली पोरगी कुठं जाऊन राहिलीय याचं थोडं कौतुकही असतं. मी ते घेते, नाही म्हणत नाही, पण खरं सांगायचं तर इथं फिनलंडमध्ये, हेलसिंकीत, मायनस पाच ही चांगली हवा आहे. मायनस पाचला रस्ता कोरडा असतो, बर्फ पांढरा असतो, पोरं बाहेर खेळत असतात. वाईट हवा म्हणजे प्लस दोन, भुरभुर पाऊस आणि दुपारचे साडेतीन. पण "आज प्लस दोन आहे" म्हटलं तर कोण हळहळणार?

आणि एवढ्या वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही की तुमच्याकडं उजाडतं किती वाजता. तो खरा प्रश्न आहे.

थंडीचं आधी उरकून टाकते, कारण थंडी हा दुकानात जाऊन सुटणारा प्रश्न आहे. तीन पदरी काचा, खिडकीखाली गरम पाण्याचे रेडिएटर, अख्ख्या शहराच्या जमिनीखालनं फिरणारं गरम पाणी, त्यामुळं घरात एकवीस डिग्री म्हणजे एकवीस डिग्री, पहाटेसुद्धा. कोल्हापुरात जानेवारीत पहाटे उठून फरशीवर अनवाणी पाय टाकला की जी हुडहुडी भरायची ती इथं घरात मला कधीच भरलेली नाही. बाहेरचं म्हणाल तर आत लोकरीचा पातळ थर, मग फ्लीस, वर वारा अडवणारं काहीतरी. सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि मग तोच घाम गार पडतो. येणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं असतं की पुण्यात "मायनस ट्वेंटी"चं लेबल बघून जाडजूड जॅकेट घेऊ नका, ते पैसे वाचवा आणि इथं येऊन किर्प्पूतोरीत जा. किर्प्पूतोरी म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान, लोक शेल्फ भाड्यानं घेऊन आपापलं सामान विकायला ठेवतात, आणि इथल्या पोरांचे स्नोसूट इतके दणकट असतात की तिसऱ्या पोराच्या अंगावरसुद्धा नव्यासारखे दिसतात. वापरलेले कपडे लेकीला घालायचे म्हणून आमच्या सासूबाईंना आधी थोडं वाटलं होतं. मग त्या इथं आल्या, दुकानातल्या नव्या स्नोसूटची किंमत बघितली आणि तो विषय संपला.

थंडीतलं खरं शिक्षण मला डेकेअरच्या कॉरिडॉरमध्ये मिळालं. तिथं भिंतीला लागून एक मोठं कपाट असतं, कपडे वाळवायचं. आत गरम वारा फिरतो, तारांवर तीस-चाळीस इवलेसे हातमोजे लटकलेले असतात, खाली बुटांची रांग, आणि कपाट उघडलं की ओल्या लोकरीचा वास भस्सकन नाकात जातो. समोर जमिनीवर पोरं बसलेली असतात. स्नोसूट जमिनीवर पसरायचा, त्याच्यावर बसायचं, आधी दोन्ही पाय घालायचे, मग उभं राहून हात, मग चेन, मग बुटाखालनं रबराचा पट्टा ओढायचा म्हणजे बर्फ आत जात नाही, मग गळ्यात ट्यूबसारखा मफलर, मग टोपी, सगळ्यात शेवटी हातमोजे. तीन वर्षांची पोरं हे आपलं आपण करतात, मध्येच रडतात, परत करतात, आणि तिथल्या ताई शांतपणे बघत उभ्या असतात, हात लावत नाहीत. मला तिथं उभं राहून नुसतं बघणं जमायचं नाही, वाकून चेन लावायला जायचे तर लेकच हात झटकायची. आणि ही सगळी मंडळी मग दोन-दोन तास बाहेर, मायनस दहातही. साधारण मायनस पंधराच्या खाली पारा गेला तरच आत ठेवतात. तान्ही बाळं तर बाबागाडीत, बाल्कनीत, भर थंडीत दुपारची झोप काढतात. पहिल्यांदा एका कॅफेबाहेर बाळासकट बाबागाडी उभी दिसली तेव्हा मी आजूबाजूला आईबाप शोधत होते, ते आत काचेपलीकडं निवांत कॉफी पीत बसले होते.

झालं, थंडी एवढीच. बाकी खोबरेल तेल बाराही महिने बाटलीत गोठलेलं असतं, दिवाळीत अभ्यंगासाठी वाटी रेडिएटरवर ठेवायची. स्वेटर काढताना केसांतनं चटचट आवाज येतो आणि लिफ्टच्या बटणाला हात लावला की झिणझिणी बसते, कारण घरातली हवा फार कोरडी. हे सगळं सांगायला मजेशीर आहे आणि सोसायला सोपं आहे.

आता अंधार.

२१-२२ डिसेंबरला हेलसिंकीत सूर्य उगवतो ९ वाजून २४ मिनिटांच्या आसपास आणि मावळतो ३ वाजून १३ मिनिटांना. दिवस पावणेसहा तासांपेक्षा जेमतेम मोठा. कोल्हापुरात त्याच दिवशी अकरा तासांचा असतो, आणि आपल्याकडं जूनमधल्या सगळ्यात मोठ्या आणि डिसेंबरमधल्या सगळ्यात छोट्या दिवसात फरक किती, तर दोन तासांच्या आसपास. म्हणून तर आपण हिवाळ्यात दिवस लहान झाला म्हणतो आणि सोडून देतो. हेलसिंकी साठ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे, जूनमध्ये जवळपास एकोणीस तासांचा दिवस आणि डिसेंबरमध्ये हा असा. त्यात भर म्हणजे भर दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य क्षितिजापासून साडेसहा अंशही वर येत नाही. चार मजली बिल्डिंगची सावली त्या वेळी शंभर मीटरच्या पलीकडं जाते. म्हणजे ऊन पडलं तरी ते समोरच्या बिल्डिंगच्या वरच्या दोन मजल्यांवर पडणार, तुमच्यापर्यंत येणारच नाही. आणि हा तर दक्षिण किनारा. अगदी उत्तरेला उत्स्योकीत नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य जातो तो जानेवारीच्या मध्यालाच परत दिसतो.

यातली एक गंमत मला फार उशिरा कळली. डिसेंबरात कोल्हापूरला सूर्य मावळतो सहा वाजून पाच मिनिटांच्या सुमाराला. भारत इथल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतीन तास पुढं. म्हणजे आमचा सव्वातीनचा सूर्यास्त म्हणजे तिथले पावणेसात. आई तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून मला व्हिडिओ कॉल करते तेव्हा माझ्या खिडकीबाहेरही तिन्हीसांजच असते. जूनमध्ये तिच्याकडं मिट्ट काळोख आणि माझ्याकडं टळटळीत ऊन असं असायचं, डिसेंबरात मात्र आम्ही दोघी अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकानं अंधारात शिरतो. लुबाडणूक होते ती सकाळची. इथं सूर्य उगवतो तेव्हा कोल्हापुरात दुपारचे एक वाजत आलेले असतात, आईचं जेवण होऊन ती आडवी व्हायच्या बेतात असते आणि मी पोरीला पोचवून, ट्रेन बदलून, ऑफिसात कॉफीचा पहिला कप संपवून मग खिडकीकडं बघते तर आत्ता कुठं करडं करडं दिसायला लागलंय. सहा वाजता उठायचं ते रात्रीतच, सात वाजता पोळ्या लाटायच्या त्याही रात्रीतच. संध्याकाळचा अंधार आपल्या ओळखीचा असतो, त्यात दिवे लागतात, स्वयंपाक होतो, माणसं घरी येतात. सकाळच्या अंधाराला असं काहीच नसतं. ज्या वेळी आपण एरवी फक्त एस्टी पकडायला उठलेलो असतो त्या वेळेचा तो अंधार, आणि तो संपतच नाही, तुम्ही ऑफिसात पोचता तरी तो चालूच.

बरं, डिसेंबरचं निदान नाव तरी आहे, त्यात ख्रिसमस आहे, सुट्ट्या आहेत. खरा जिवावर येतो तो नोव्हेंबर. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागं जातात आणि सोमवारी ऑफिस सुटताना बघावं तर अंधार. झाडांची पानं गळून गेलेली, बर्फ अजून नाही. समुद्रानं उन्हाळ्यातली ऊब धरून ठेवलेली असते त्यामुळं किनाऱ्यावर थंडी उशिरा येते, म्हणून मग पाऊस, धुकं, परत पाऊस. सगळं काळं. डांबर काळं, माती काळी, झाडांची खोडं काळी, आणि तुमचं जॅकेटही काळं, कारण इथं सगळ्यांचंच काळं असतं. बर्फ पडला की तोच उजेड दुप्पट वाटतो, रस्त्यावरच्या दिव्याचा प्रकाश बर्फावरनं उलटा वर येतो, रात्री आठलाही अंगणात पोरं घसरगाडी घेऊन खेळतात. पण अलीकडं बर्फ पडतो, दोन दिवसांत त्याचा राडा होतो, परत काळं, असं डिसेंबरभर चालतं. माझ्या फिनिश सहकाऱ्यांना मी एकदा विचारलं की तुम्हाला तरी सवय झाली असेल ना जन्मापासनं, तर टेबलाभोवतीचे सगळे एकदम "छे!" म्हणाले. एवढी एकवाक्यता त्या टीममध्ये मी कुठल्याच मीटिंगला पाहिलेली नाही. मला तेव्हा कसलं बरं वाटलं. मी उगीच समजत होते की ही आपली उष्ण देशातल्या माणसांची नाजूक प्रकृती आहे.

काय होतं नेमकं, तर मोठं नाट्यमय असं काहीच होत नाही. झोप येते. दुपारी तीनला येते, रात्री नऊला येते, सकाळी तर डोळेच उघडत नाहीत. भात हवा, बटाटा हवा, साबुदाण्याची खिचडी हवी, ताटात काकडी-टोमॅटोकडं हात जात नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "पुढच्या आठवड्यात बघू" तोंडात बसतं. शनिवारी शेजारच्या एस्पो शहरातल्या आपल्या लोकांकडं मिसळ ठरलेली असते, चार वाजता खिडकीतनं बघायचं, अंधार, भुरभुर, आता कुठं परत तेवढे कपडे चढवा, मेसेज टाकायचा, "अगं पोरीला जरा सर्दी आहे, पुढच्या आठवड्यात नक्की." पोरगी सोफ्यावर उड्या मारत असते. पुढच्या आठवड्यात तिकडनं तोच मेसेज. असं करत करत फेब्रुवारी येतो आणि लक्षात येतं की तीन महिने आपण घरातली माणसं आणि ऑफिसातले चेहरे सोडून कुणाला भेटलोच नाही.

नॉर्मन रोझेन्थाल म्हणून एक मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांची गोष्ट मला म्हणूनच आवडते. मूळचे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचे, भरपूर उन्हातले. अमेरिकेत आले आणि त्यांच्या लक्षात आलं की हिवाळा आला की आपली कामाची उमेद जाते आणि वसंतात आपोआप परत येते. पुढं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये या हिवाळी उदासीवर पेपर लिहिला, तीच सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. आज जे दिव्याचे उपचार म्हणतात ते त्याच कामातनं पुढं आले. म्हणजे ही गोष्ट नीट टिपली कुणी, तर बाहेरनं आलेल्या माणसानं, ज्याच्याकडं तुलनेला दुसरं आभाळ होतं.

तो दिवा आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे. दहा हजार लक्सचा, लक्स म्हणजे उजेडाचं माप. ऑफिसातला उजेड पाचशेच्या आसपास असतो आणि भर उन्हात लाखाच्या घरात जातो, यावरून दहा हजार म्हणजे काय ते समजा. सकाळी अर्धा तास, त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, नुसतं बाजूला ठेवून आपला चहा घ्यायचा, पेपर वाचायचा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की त्या बघण्यासाठी नसतात, त्या फक्त उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतात, आणि सकाळी तो निरोप गेला नाही की घड्याळ रात्रच धरून बसतं. ज्यांना डोळ्यांचा काही त्रास आहे त्यांनी विचारून घ्या, आणि मन फारच खाली गेलं असेल तर दिव्यावर भागवू नका, सरळ डॉक्टर गाठा. ड जीवनसत्त्वाचं तर इथं सरकारनंच मनावर घेतलंय, २००३ पासून दुधात घालतात, २०१० मध्ये त्याचं प्रमाण आणखी वाढवलं. तरी गोळी घ्यावी लागतेच आपल्यासारख्यांना, आपल्या कातडीला त्यासाठी जास्त ऊन लागतं आणि इथं हिवाळ्यात ते मुळातच नाही.

पण दिवा आणि गोळी हे झालं औषध. माझ्या बाबतीत ज्यानं खरा फरक पडला ते म्हणजे कॅलेंडरमध्ये रोज साडेअकरा ते साडेबारा ब्लॉक करणं. त्यावर मी फक्त "सूर्य" असं लिहिलंय, फिनिशमध्ये, म्हणजे कुणाला विचारायला नको. कुणीही विचारलं नाही. इथं जेवण अकराला असतं, ही गोष्ट मला आधी कसलीशीच वाटायची, अकराला काय भूक लागते का माणसाला, पण हिवाळ्यात त्यातलं शहाणपण दिसतं, कारण जेवून बाहेर पडायला नेमका उजेडाचा तास हातात राहतो. एक साठीच्या आसपासच्या सहकारी आहेत, त्या आणि मी निघतो. त्या बोलत नाहीत फारसं. मी आधी उगीच काहीतरी बोलत राहायचे, आता मीही बोलत नाही. ढग असले तरी जायचं, पाऊस असला तरी जायचं, कारण ढगाळ दुपारचा उजेडसुद्धा आतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट असतो. रस्त्यावर पातळ बर्फ असेल तर बुटाला खिळ्यांचे पट्टे लावायचे, पाऊल छोटं आणि सपाट टाकायचं, हात खिशातनं बाहेर. या बाई शनिवारी गोठलेल्या तळ्यात भोक पाडून पोहायला जातात आणि वर "फार ताजंतवानं वाटतं" म्हणून मला बोलावतात. मी गेलेली नाही. जाणारही नाही.

आणि जॅकेटच्या खिशातनं लोंबणारा रिफ्लेक्टर. अंधारात चालताना तो लावावा असं इथल्या वाहतूक कायद्यातच आहे. त्याचा शोधही फिनलंडमधलाच, आर्वी लेहती नावाच्या माणसाचा, मूळ घोडागाड्यांसाठी. लेकीच्या स्नोसूटला चार आहेत, घुबड, हिमकण, मांजर आणि एक बँकेनं फुकट दिलेला. गाडीचा लाइट पडला की घुबड लांबनं चमकतं. पहिल्या वर्षी मला हे सगळं फार पोरकट वाटायचं, इतकी मोठी सुटाबुटातली माणसं आणि खिशाला लटकणारं मांजर. आता न लावता कुणी रस्ता ओलांडताना दिसलं की माझाच जीव खालीवर होतो.

दिवाळी इथं घड्याळं मागं जातात त्याच्या आगेमागे येते, म्हणजे नेमकी जेव्हा हवी तेव्हा. आम्ही बाल्कनीच्या खिडकीत आकाशकंदील लावतो, कोल्हापुरातनं घडी घालून आणलेला, चांदणीचा, भगवा. आता गंमत अशी की इथले लोकही खिडकीत कागदाची चांदणी लावतात, आत बल्ब, पण ॲडव्हेंटला, म्हणजे ख्रिसमसच्या आधीचे आठवडे सुरू झाले की, नोव्हेंबर संपता संपता. समोरच्या जिन्यातल्या आजींना वाटलं हे नवीन लोक यंदा भलतेच उत्साही दिसतायत. लिफ्टमध्ये भेटल्या तर म्हणाल्या, "बरं केलंत लवकर लावलंत. मीही लावते आता." आणि लावली त्यांनी, दुसऱ्या दिवशी! मी दिवाळीबद्दल सांगायला गेले, अर्धं त्यांना कळलं, अर्धं माझ्या फिनिशमध्ये अडकलं. मग नोव्हेंबरच्या शेवटी सगळ्या बिल्डिंगभर चांदण्या आणि त्रिकोणी मेणबत्त्यांचे ते इलेक्ट्रिकचे दिवे लागतात. ६ डिसेंबरला इथला स्वातंत्र्यदिन, १९१७ सालचा, त्या संध्याकाळी खिडकीत दोन मेणबत्त्या लावतात, फटाके-बिटाके काही विशेष नाही, नुसत्या दोन मेणबत्त्या. आमचा कंदील त्यातही असतोच. जुन्या पद्धतीप्रमाणं १३ जानेवारीला, नूत्तीच्या दिवशी, इथं ख्रिसमस संपतो आणि सजावट उतरवतात, आणि दुसऱ्याच दिवशी आपली संक्रांत, तेव्हा आमचाही कंदील १३ तारखेला उतरतो. दिवाळीचा कंदील संक्रांतीपर्यंत लटकलाय हे आईला सांगितलं तर म्हणाली, "शोभतं का?" मी म्हटलं इथं शोभतं.

सॉनाबद्दल, म्हणजे इथल्या तापवलेल्या दगडांच्या वाफेच्या खोलीबद्दल, लिहिलं नाही तर फिनलंडवर लिहिलंय असं कुणी मानणार नाही. छप्पन्न लाखांच्या आसपास लोकांच्या देशात तीस लाखांच्या घरात सॉना आहेत, २०२० मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीतही गेला. आमच्या फ्लॅटमध्ये बाथरूमला लागून तसा एक इवलासा आहे. इथल्या भारतीय घरांतल्या सॉनाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यात दोन मोठ्या बॅगा, बासमतीचं पोतं, मिक्सरचा खोका आणि पाहुण्यांच्या गाद्या राहतात. आमचाही तसाच होता. मग एका नोव्हेंबरात नवऱ्यानं एका रविवारी सगळं बाहेर काढलं, बासमती पलंगाखाली गेला, आणि शुक्रवारी संध्याकाळी सॉना तापवायचा नियम पडला. ऐंशी डिग्रीला बसलं, तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकलं की ती वाफ पाठीवर येते आणि आठवडाभर वर ओढून धरलेले खांदे खाली येतात. दिवसभर कपड्यांत गुंडाळलेल्या अंगाला आपण अजून आहोत हे कळतं. नंतर सॉना विझवला की तास-दोन तासांनी तो कोमट राहतो, त्यात मी दह्याचं विरजण लावून ठेवते. इडलीचं पीठही तिथंच फुगतं. एकवीस डिग्रीच्या स्वयंपाकघरात ते नुसतं आपलं तोंडाकडं बघत बसायचं.

आणि मिसळीचा तो "पुढच्या आठवड्यात"वाला प्रकार आम्ही चार घरांनी मिळून मोडला, नियम एकच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठरलेलं रद्द करायचं नाही, ताप असेल तरच. कंटाळा हे कारण चालणार नाही, अंधार हे तर नाहीच नाही. कधी मिसळ, कधी नुसतेच पोहे, कधी सगळी पोरं घेऊन सेंट्रल स्टेशनजवळच्या ओओदी लायब्ररीत. ती २०१८ मध्ये उघडली, पार्लमेंटच्या अगदी समोर, वरचा मजला काचेचा आणि पांढरा, जो काही उजेड आभाळात शिल्लक असेल तो सगळा तिथं आत येतो. फुकट. मोठ्यानं बोलणारी मराठी पोरं चालवून घेतात. घरातनं निघताना दर वेळी जिवावर येतं, अजूनही येतं, आणि परतताना ट्रेनमध्ये दर वेळी आम्ही दोघं बरे असतो.

जानेवारीत गंमत सुरू होते, आणि ही मी कोल्हापुरात असताना मला सांगूनही खरी वाटली नसती. संक्रांत मला आजवर तिळगूळ, काळी साडी आणि बायकांच्या वाणाची लूट एवढीच माहीत होती, सूर्य त्यात कुठं होता? शाळेत उत्तरायण पाठ केलं होतं, झालं. इथं १४ जानेवारीपर्यंत दिवस पाऊण तासाच्या आसपास वाढलेला असतो आणि तो पाऊण तास अक्षरशः दिसतो. चार वाजता आभाळ निळं असतं! ऑफिसात लोक खिडकीपाशी उभं राहून एकमेकांना दाखवतात, एरवी हवामानावर चकार शब्द न काढणारी माणसं. फेब्रुवारीत गारठा वाढतो, कधी मायनस वीस, नाकातले केस कडक होतात, बर्फ पायाखाली करकरतो, फोन खिशात शंभर टक्क्यांवरनं अचानक मरतो. आणि तरी तो हिवाळ्यातला सगळ्यात सुंदर महिना, कारण आभाळ स्वच्छ, बर्फावरनं ऊन उसळून डोळ्यांत जातं, गॉगल लागतो. चांगला गोठला तर लोक समुद्रावर फिरायला जातात, थर्मास घेऊन, कुत्रे घेऊन, म्हातारी माणसं ढकलगाडीला टेकून, भर समुद्रात! मार्चमध्ये दिवस रोज पाच मिनिटांहून जास्त वाढतो, आठवड्याला अर्ध्या तासाच्या वर. एप्रिलमध्ये मग हिवाळाभर फुटपाथवर टाकलेली खडी झाडून काढतात आणि आठवडाभर सगळं शहर धुळीनं शिंकतं. ती धूळ मला चालते.

आता सध्या घरात वाद चालू आहे तो तिकिटांचा. आपले बहुतेक लोक डिसेंबरच्या सुट्टीत भारतात जातात, नवऱ्याचंही तेच म्हणणं, शाळेला सुट्टी, ऑफिस बंद, सगळे नातेवाईक भेटतात, लग्नं असतात. माझं म्हणणं, एक तर तेव्हा तिकीट दुप्पट. त्यात डिसेंबरात इथं दिवे असतात, सॉना असतो, माणसं असतात, तो आपण काढू शकतो, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या लख्ख उन्हातनं येऊन इथल्या सकाळी नऊच्या काळोखात उतरलं की पुढचे पंधरा दिवस माणूस कामातनं गेलेला असतो. जायचं तर नोव्हेंबरात जावं, सगळ्यात काळा तुकडाच कापून टाकावा. किंवा मग फेब्रुवारीतल्या स्कीच्या सुट्टीत, पण तेव्हा इथं ऊन असतं, ते सोडून जायला मला आता नको वाटतं. शाळेकडं नोव्हेंबरात रजा मागावी लागेल, मी बाईंना विचारून ठेवलंय, त्या म्हणाल्या अर्ज द्या. नवरा म्हणतो नोव्हेंबरात तिकडं जाऊन करायचं काय, तेव्हा काहीच नसतं. आईचं म्हणणं, नसतं कसं, तुळशीचं लग्न असतं, ऊस असतो, गुऱ्हाळं सुरू झालेली असतात, आणि आलात तर गरम काकवी खायला मिळेल. मतं दोन विरुद्ध एक झाली आहेत. लेकीला अजून विचारलेलं नाही, तिला बर्फ पडायच्या आत कुठंच जायचं नाहीये असं मला आधीच वाटतंय.